हातमोजे बदलले का?
धाकट्या बहिणीला राजूरहून शहरात सिझरसाठी नेलं. पाचव्या दिवशी टाक्यांत पू झाला. ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टर त्याच हातमोज्यांनी एका खाटेवरून दुसरीकडे जाताना मी पाहिल्या होत्या. कारण तेच, असं ठामपणे म्हणता येत नाही. पण मी गप्प बसले, हे खरं.

सरकारी दवाखान्यांसाठी २०१५ पासून ‘कायाकल्प’ योजना आहे. आधी स्वतःची तपासणी, मग दुसऱ्या दवाखान्याच्या लोकांकडून, शेवटी बाहेरून. स्वच्छता, कचरा, जंतुसंसर्ग रोखणं यांना गुण. बक्षिसासाठी किमान ७० टक्के. तरी तपासणीचा दिवस वेगळा, रोजचा वेगळा. आम्हा शिक्षकांना हे कोणी सांगायला नको!

रोज तिथे असतात ते नातेवाईकच. साबणाने हात नीट धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात. बाळाला घेण्याआधी आपण धुवावेत, मग नरमाईने विचारावं, “सिस्टर, हातमोजे बदलले का?”

बहिणीची जखम भरायला तीन आठवडे गेले.