जुनी छायाचित्रे कशी वाचावीत?

जुन्या छायाचित्राकडे आपण पुरावा म्हणून पाहतो. चित्रकार मनचे काही घालील, कॅमेरा मात्र समोर असेल तेच दाखवील, अशी आपली समजूत असते. पाठ्यपुस्तकात दीडशे वर्षांपूर्वीच्या विणकराचे छायाचित्र आले, की 'त्या काळी काम असे चालत असे' एवढे सांगून आपण पुढच्या पानाकडे वळतो. परंतु त्या कॅमेऱ्याला काय टिपता येत होते आणि काय येत नव्हते, हे ठाऊक नसेल तर हा पुरावा आपल्याला सहज फसवतो.

छायाचित्रणाची कला 1839 साली जगापुढे आली. पंधरा वर्षांतच, 1854 साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते. त्या काळी 1851 साली निघालेली 'ओल्या काचे'ची पद्धत लवकरच रूढ झाली. काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्राव पसरायचा, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा. काच वाळली की सारे वाया. त्यामुळे छायाचित्रकाराबरोबर रसायनांच्या बाटल्या आणि अंधाऱ्या तंबूचे ओझे असे. काचेवर प्रकाश काही सेकंद पडू द्यावा लागे.

काही सेकंद म्हणजे किती, याचा अंदाज वर्गात सहज घेता येतो. एका मुलाला दळण्याचा अभिनय करायला सांगा आणि मध्येच 'थांब' म्हणून पाचपर्यंत मोजा. हात थरथरतो, मान हलते. त्या काळचा विणकर धोटा फेकताना टिपणे शक्यच नव्हते. तो मागावर हात ठेवून श्वास रोखून बसलेला असे. त्या चेहऱ्यांवरचा ताठपणा पाहून माणसे गंभीर होती असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी एकदा तरी असे बसून पाहावे!

दुसरी गोष्ट रंगांची, आणि आम्हाला ती अधिक महत्त्वाची वाटते. छायाचित्राच्या काचेवरील चांदीचे क्षार निळा, जांभळा आणि अतिनील प्रकाश शोषतात व त्यामुळे बदलतात. लाल आणि पिवळ्या प्रकाशाचा त्यांच्यावर जवळजवळ परिणाम होत नाही. निगेटिव्हवर जिथे परिणाम झाला नाही, ती जागा छापील चित्रात काळी उमटते. परिणाम असा, की 1860 च्या सुमारास लाल पागोटे घालून बसलेला माणूस छायाचित्रात काळे पागोटे घातलेला दिसतो. कपाळावरचे कुंकू काळा ठिपका होते, हळदीने माखलेला चेहरा सावळा दिसतो, आणि आकाश, त्यात ढग असोत वा नसोत, पांढरेफटक. निळीत रंगवलेले कापड मात्र अपेक्षेपेक्षा फिकट येते. पुढे 1873 साली हेरमान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला आढळले, की विशिष्ट रंगद्रव्ये मिसळली तर हे क्षार इतर रंगांनाही दाद देऊ लागतात. तरी सर्व रंग जाणणारी फिल्म सर्रास वापरात यायला विसावे शतक बरेच उलटावे लागले. म्हणून तांड्यावरील बंजारा स्त्रीचा लालभडक पोशाख एखाद्या जुन्या चित्रात काळा दिसला, तर तो काळाच होता असे मुलांना सांगू नये.

तिसरा प्रकार खुद्द माणसांनी केलेला. मुंबईतील छायाचित्रकार विल्यम जॉन्सन याने शहरातील जातीजमातींचे दोन खंड 1863 आणि 1866 साली प्रसिद्ध केले. त्यातील माणसांची छायाचित्रे वेगळी घेतलेली आहेत आणि मागचे देखावे वेगळे. दोन्ही जोडून एक चित्र केलेले आहे. म्हणजे माणूस खरा, देऊळही खरे, पण तो त्या देवळासमोर उभा होता हे खरे नाही. त्यानंतर 1868 ते 1875 या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा मोठा संग्रह निघाला. त्यात माणसे जातीजमातींचे नमुने म्हणून मांडली आहेत. कपाटात टाचलेल्या फुलपाखरांखाली जसे जातीचे नाव लिहितात, तसे.

आता आपल्या भागाकडे येऊ. यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगी हे गाव महागाव तालुक्यात आहे. येथून दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की माहूर. आज दोन्ही काठ महाराष्ट्रात आहेत, पण 1940 च्या दशकात ही नदी सरहद्द होती. अलीकडे वऱ्हाड, पलीकडे निजामाचे राज्य. तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात असलेला किनवट तालुका 1956 साली नांदेडला जोडला गेला. गोंड, कोलाम, बंजारा यांची वस्ती मात्र सरहद्द न जुमानता दोन्ही बाजूंना होती आणि आहे.

आदिलाबादच्या डोंगराळ भागात 1940 साली कोमाराम भीम यांचा लढा निजामाच्या पोलिसांनी गोळीबाराने मोडून काढला. जमिनीवरून उठलेल्या या लढ्यानंतर गोंडांची स्थिती अभ्यासण्याचे काम क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या व्हिएन्नाच्या मानववंशशास्त्रज्ञाकडे आले. दुसरे महायुद्ध सुरू झाल्याने शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरलेल्या या गृहस्थाला हैदराबाद राज्यातच राहावे लागले होते. तो आणि त्याची पत्नी बेटी मारलवाई या गोंड गावात राहिले. तेथेच 1943 साली गोंड मुलांसाठी शाळा आणि गोंड तरुणांसाठी शिक्षक-प्रशिक्षण सुरू झाले. तेथील गोंडी वाचनपुस्तके देवनागरी लिपीत होती, ही गोष्ट शिक्षकांना विशेष वाटेल. पुढे त्याच जिल्ह्यात अधिकारी म्हणून गेलेले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी यांनी गोंडी शिकून तिचे व्याकरण लिहिले.

हायमेनडॉर्फने काढलेली हजारो छायाचित्रे आज लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेत, म्हणजे सोआसमध्ये, आहेत. आदिलाबादची छायाचित्रे त्यातलीच. गोंड, कोलाम, कथा गाणारे परधान, त्यांची घरे, शेते, सण. तोवर कॅमेरे हलके आणि फिल्म जलद झाली होती. नाचणारा पाय हवेत असतानाच टिपता येत होता. विणकराचा रोखलेला श्वास येथे सुटला, असे म्हणायला हरकत नाही.

अशा चित्रांतून विज्ञान कसे शिकवता येईल? सावलीचेच उदाहरण घ्या. फुलसावंगीचा अक्षांश सुमारे 20 अंश उत्तर आहे. 22 डिसेंबरच्या सुमारास भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण साडेशेहेचाळीस अंशांवर असतो. तेव्हा पाच फूट उंचीच्या माणसाची सावली जवळजवळ पावणेपाच फूट पडते, आणि त्या दिवशी याहून लहान सावली पडूच शकत नाही. उलट, सपाट जमिनीवर ताठ उभ्या माणसाची सावली त्याच्या उंचीच्या पाव भागाहून कमी असेल, तर सूर्य 76 अंशांच्या वर आहे. आपल्याकडे हे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच घडते. तेव्हा 'ज्वारीची मळणी' असा मथळा आणि पायाशी गोळा झालेली इवलीशी सावली एकत्र दिसली, तर मथळ्याबद्दल शंका घ्यावी. लांब सावलीवरून मात्र काहीच ठरत नाही. ती बाराही महिने सकाळ-संध्याकाळ पडते. कोणता निष्कर्ष निघतो आणि कोणता निघत नाही, हा फरक दहावीच्या मुलांना यातून चांगला कळतो.

पण रसायन आणि भूमिती येथवरच नेते. चित्रातला माणूस कोण, हे त्यातून कळत नाही. उत्तर कॅनडातील एक उपक्रम या बाबतीत पाहण्यासारखा आहे. रिचर्ड हॅरिंग्टन या छायाचित्रकाराने 1940 च्या दशकाच्या अखेरीपासून काही वर्षे तेथील बर्फाळ प्रदेशात हिंडून इन्युइट लोकांचे रोजचे जीवन टिपले. बर्फाचे घर बांधणे, शिकार, कुत्र्यांच्या घसरगाड्या, आणि 1950 साली पॅडली येथे कॅरिबू हरणांचे कळप न आल्याने पडलेली उपासमारही. त्या भागात सरकारने 1940 च्या दशकापासून माणसांना क्रमांकाचे बिल्ले दिले होते. सरकारी संग्रहांतील कित्येक चित्रांखाली नावाऐवजी 'एस्किमो स्त्री' एवढेच असे. 2002 साली कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने ओटावातील एका इन्युइट विद्यालयाच्या साथीने हे काम हाती घेतले. विद्यार्थी संगणकावर चित्रे घेऊन आपापल्या गावी गेले आणि म्हाताऱ्यांना दाखवू लागले. कोणाला आई सापडली, कोणाला आपणच लहानपणी. शेकडो माणसांची नावे परत नोंदली गेली.

आपल्याकडे वेळ फार थोडा आहे. 1944 साली सात-आठ वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या घरात आहे. लंडनच्या संग्रहातील बरीच चित्रे संगणकावर पाहता येतात. ती पाहून चेहरा ओळखू शकेल अशी माणसे पैनगंगेच्या दोन्ही काठांवर दरवर्षी कमी होत आहेत.

आणि लंडनचीच चित्रे कशाला? फुलसावंगीतील घराघरांत लग्नाचे फोटो, जत्रेतल्या स्टुडिओत रंगीत पडद्यापुढे काढलेले फोटो, विहिरीवरच्या मोटेचा एखादा फोटो असेलच. आठवी-नववीच्या मुलांनी ते आजीआजोबांपुढे ठेवावेत. मूळ फोटो घेऊन येऊ नये, मोबाइलवर त्याची प्रत घ्यावी. चिकटलेला फोटो ओढून काढू नये. मागे काही लिहिले असेल तर त्याचीही प्रत घ्यावी. 'हे कोण?' एवढेच विचारून थांबू नये. तिफन कोणाची होती, सरत्यावर कोण चालत असे, बैलांची नावे काय, फोटो कोणी काढला, त्याला पैसे कोणी दिले, लुगड्याचा रंग कोणता होता, आणि फोटोच्या चौकटीबाहेर त्या वेळी कोण उभे होते, हेही विचारावे. दोन म्हाताऱ्यांची उत्तरे जुळली नाहीत तर दोन्ही लिहावीत, सांगणाऱ्याच्या नावासह. एखाद्या घराला फोटो दाखवायचा नसेल, तर आग्रह करू नये.