खाडीच्या गाळातील युरेनियम
युरेनियम म्हटले की खाणी व अणुभट्ट्याच डोळ्यांपुढे येतात. परंतु समुद्राच्या एक लिटर पाण्यातही ते सुमारे ३.३ मायक्रोग्रॅम असते. कार्बोनेटाशी संयोग पावल्याने ते विरघळलेले राहते आणि भरतीबरोबर रायगड जिल्ह्यातील धरमतर, राजपुरी यांसारख्या खाड्यांत शिरते. तेथे तिवरांच्या पालापाचोळ्याचे विघटन करताना जीवाणू गाळातील प्राणवायू संपवितात. अशा काळ्या गाळात सहा संयुजेचे विद्राव्य युरेनियम चार संयुजेचे, अविद्राव्य होऊन साचते. सह्याद्रीच्या बेसाल्ट खडकात मात्र ते मुळातच अल्प असते.

अशा गाळातील नैसर्गिक मात्रा सामान्यतः भयावह नसते. तथापि गाळ उपसून उघड्यावर टाकल्यास प्राणवायूच्या संपर्काने युरेनियम पुन्हा पाण्यात उतरू शकते. म्हणूनच उपशापूर्वी गाळाची तपासणी आणि तिवरांचे रक्षण ग्रामपंचायतींच्या हिताचे ठरते.