सिग्नल न मिळण्याची परीक्षा

पेणहून कासू, नागोठणे, निडी करीत रोह्याला पोहोचणारा मध्य रेल्वेचा मार्ग तेथे कोकण रेल्वेला मिळतो. अशा मार्गांवर जेव्हा दुहेरीकरणासारखा बदल होतो, जसा कोकण रेल्वेच्या रोहा ते वीर या टप्प्यात २०२१ साली झाला, तेव्हा रुळांबरोबर स्थानकाचे इंटरलॉकिंगही बदलावे लागते. इंटरलॉकिंग म्हणजे सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे हलते रूळ) आणि सिग्नल यांना परस्परांशी असे जखडणे की, मार्ग मोकळा आणि सांधा योग्य बाजूस बसून कुलूपबंद झाल्याखेरीज गाडीला सिग्नल मिळूच नये. हे काम पूर्वी रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, करीत. इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंगमध्ये ते संगणकाकडे आले असून, अनेक यंत्रणांत दोन प्रोसेसर स्वतंत्रपणे निर्णय काढतात आणि त्यांचे एकमत न झाल्यास सिग्नल लाल राहतो.

या संगणकातील प्रोग्राम बदलण्याची रीत इतर सॉफ्टवेअरहून वेगळी आहे. बँकेच्या ॲपची नवी आवृत्ती आधी थोड्या ग्राहकांना देऊन पाहता येते. स्थानकाच्या यार्डात मात्र ‘थोड्या गाड्या’ हा प्रयोगाचा विषय होऊ शकत नाही. म्हणून नियंत्रण तक्त्याबरहुकूम, म्हणजे कोणत्या सिग्नलला कोणत्या अटी लागू याच्या मंजूर कोष्टकाबरहुकूम, लिहिलेला प्रोग्राम कारखान्यातच कृत्रिम यार्डावर तपासला जातो आणि त्याचा चेकसम, म्हणजे संपूर्ण प्रोग्रामवरून गणिताने काढलेला आकडा, नोंदवून ठेवतात. स्थानकात बसवल्यावर तोच आकडा यावा लागतो. प्रत्यक्ष बदलाच्या वेळी स्टेशन मास्तरला डिस्कनेक्शनची लेखी सूचना देऊन यंत्रणा सेवेतून काढली जाते, या नॉन-इंटरलॉकिंगच्या काळात सांधे क्लॅम्प लावून कुलूपबंद होतात आणि गाड्या कमी वेगाने, माणसांच्या देखरेखीखाली जातात. अर्धवट विश्वासार्ह यंत्रापेक्षा यंत्र नाहीच असे धरून चालणे अधिक सुरक्षित, हा या पद्धतीचा गाभा होय, आणि प्रवाशांना जाचणारा मेगाब्लॉक काही वेळा त्याचीच किंमत असते.

तपासणीचा मोठा भाग सिग्नल मिळतो की नाही यात नव्हे, तर कोणकोणत्या परिस्थितीत तो मिळता कामा नये हे सिद्ध करण्यात जातो. सांधा मुद्दाम अर्धवट ठेवला जातो, समोरचा रूळखंड व्यापलेला दाखवला जातो, परस्परविरोधी मार्ग एकाच वेळी मागितले जातात. तरीही प्रोग्रामपेक्षा धोकादायक असते ती त्याभोवतीची तार, कारण तारेला चेकसम नसतो. १२ डिसेंबर १९८८ रोजी लंडनमधील क्लॅपम येथे न काढलेल्या जुन्या तारेमुळे सिग्नल चुकीचा दिसला, गाड्यांची टक्कर झाली व ३५ जण मृत्युमुखी पडले. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार येथील रेल्वे अपघातात २९० हून अधिक बळी गेले, त्याच्या चौकशीतही सिग्नल सर्किटमधील फेरफारांच्या त्रुटीच पुढे आल्या. क्लॅपमच्या चौकशी अहवालाने तारा जोडणाऱ्याव्यतिरिक्त दुसऱ्या व्यक्तीने त्या स्वतंत्रपणे मोजाव्यात, असा आग्रह धरला.