पडद्यावरच्या तारा

मॉड्युलर सिंथेसिस शिकू पाहणाऱ्यापुढे आज पहिली अडचण येते ती निवडीची. फुकट मिळणारी चार-पाच सॉफ्टवेअर, विकतची तितकीच, आणि त्यांतल्या काहींच्या पोटात शेकड्यांनी मॉड्यूल. तीस वर्षांपूर्वी ही अडचण नव्हती, कारण निवडावं असं फारसं काही बाजारात नव्हतंच. मधल्या काळात हा पसारा कसा वाढत गेला ते पाहिलं, तर त्यातलं आपल्या कामाचं कोणतं हे ठरवणं थोडं सोपं होतं. हे सगळं जोखायला मी एकच माप वापरतो: पडद्यावर तार दिसते का, आणि दिसत असेल तर ती कुठेही खोचता येते का.

मॉड्युलर सिंथेसायझरमध्ये आवाजाचं एकेक काम एकेका डब्याकडे, म्हणजे मॉड्यूलकडे, असतं. ऑसिलेटर कंपन निर्माण करतो, फिल्टर त्यातला काही भाग गाळतो, अॅम्प्लिफायर किती आवाज बाहेर सोडायचा ते बघतो आणि एन्व्हलप त्या आवाजाला आरंभ-अंत देतो. हे डबे जोडलेले येत नाहीत, ते आपण तारांनी जोडायचे. या जोडणीला पॅच म्हणतात. न्यूयॉर्क राज्यात रॉबर्ट मूग आणि कॅलिफोर्नियात डॉन बुक्ला या दोघांनी १९६३-६४ च्या सुमारास स्वतंत्रपणे अशी यंत्रं बांधायला घेतली. विद्यापीठं आणि मोठे स्टुडिओ सोडले तर ती कुणाला परवडणारी नव्हती. तरी एक यंत्र आपल्याकडे बरंच लवकर पोचलं. १९६९ साली अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूगची मॉड्युलर यंत्रणा बसवून दिली. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तिथे केलेलं काम कित्येक दशकं टेपांवर पडून होतं. पॉल पर्गस यांनी ते धुंडाळून काढलं आणि २०२३ मध्ये ते रेकॉर्डच्या रूपात लोकांसमोर आलं. १९७२ नंतर मात्र त्या खोलीतून फारसं काही बाहेर आलं नाही. यंत्र एकच होतं आणि ते एकाच खोलीत होतं, हे त्यामागचं एक कारण असावं असं मला वाटतं.

संगणकावरचं मॉड्युलर म्हणजे या यंत्रांची नक्कल, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात संगणक थोरला. बेल लॅबमध्ये मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ साली आयबीएमच्या संगणकाकडून संगीत काढून घेतलं, आणि १९६० च्या सुमारास, त्यासाठी लिहिलेल्या प्रोग्रामांच्या मालिकेतल्या तिसऱ्या प्रोग्रामात, ‘युनिट जनरेटर’ आले. एकेक काम करणारे छोटे तुकडे, आपल्याला हवे तसे एकमेकांना जोडायचे. म्हणजे मूग आणि बुक्ला यांच्या आधीच मॉड्युलरची कल्पना कागदावर उतरली होती. फक्त तार दिसत नव्हती. जोडणी पंचकार्डांवर लिहायची, संगणकाच्या फावल्या वेळाची वाट पाहायची आणि मग निकाल ऐकायचा. बॅरी व्हर्को यांचं १९८६ चं सीसाउंड याच घराण्यातलं. ते आजही फुकट मिळतं आणि आजही मजकूर लिहूनच वाजवावं लागतं. ज्याचा हात कोडवर बसला आहे त्याने ते जरूर घ्यावं. ज्याला आवाज कसा बनतो हेच अजून ठाऊक नाही त्याच्यासाठी मात्र ती दुहेरी शिकवणी होते.

पडद्यावर रेघ आली ती पॅरिसच्या इर्काम या संगीत-संशोधन संस्थेतून. तिथे मिलर पकेट यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यात मॅकिंटॉशवर एक प्रोग्राम लिहिला. त्यात चौकोन मांडायचे, चौकोनांमध्ये रेघा ओढायच्या, आणि त्या रेघांवरून हुकूम धावायचे. मॅथ्यूज यांच्यावरून त्याचं नाव मॅक्स पडलं. फिलिप मनूरी यांची १९८८ ची ‘प्लुतों’ ही पियानो आणि संगणकासाठीची रचना त्यावर उभी राहिली. १९९० मध्ये मॅक्स बाजारात आलं. पुढे डेव्हिड झिकारेली यांच्या सायकलिंग सेव्हंटी-फोर कंपनीने त्याला प्रत्यक्ष ध्वनी घडवण्याची ताकद दिली, आणि पकेट यांनी १९९६ मध्ये प्युअर डेटा हे त्याचं खुलं, फुकट भावंड केलं.

कित्येक विद्यार्थी मॉड्युलरकडे वळले ते प्युअर डेटामधून, आणि त्यांतले बरेच तिथूनच परत फिरले. दोष प्रोग्रामचा नाही. तो वाद्य म्हणून बनलेलाच नाही, तो वाद्यं बनवण्याचा कारखाना आहे. उघडल्यावर समोर कोरं पांढरं पान येतं. शिवाय त्यात दोन जातीच्या रेघा असतात: बारीक रेघ संदेशाची, जाड रेघ ध्वनीची. पहिलीचं काम दुसरीला करता येतंच असं नाही. फिल्टरमधून निघालेला आवाज थेट त्याच्याच तोंडाशी परत आणला, तर प्रोग्राम ‘लूप सापडलं’ अशी तक्रार करतो आणि तो भाग वाजवायचं नाकारतो. खऱ्या यंत्रात हीच उलटी जोडणी सगळ्यात आधी करून बघावीशी वाटते, आणि पुष्कळदा सगळ्यात चांगला आवाज तिथेच निघतो. पकेट यांचं पाठ्यपुस्तक त्यांनी स्वतःच फुकट वाचायला ठेवलं आहे आणि ते अप्रतिम आहे. पण ते दुसऱ्या वर्षी वाचायचं पुस्तक.

१९९६ ते २००० हा काळ गजबजलेला होता. बर्लिनच्या नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सने १९९६ मध्ये जनरेटर आणलं, त्यातूनच रिअॅक्टर झालं. स्वीडनच्या क्लॅव्हियाने १९९७ मध्ये नॉर्ड मॉड्युलर काढलं, ज्यात आवाज यंत्रात आणि जोडणी संगणकाच्या पडद्यावर. या नॉर्डबद्दल मला खास जिव्हाळा आहे. लाल तार ध्वनीची, निळी नियंत्रणाची, पिवळी चालू-बंदची, आणि तरी रंग मोडून खोचायला बंदी नाही. शिकवण्याचा इतका शहाणा मार्ग नंतर फार थोड्यांनी काढला. २००४ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली, तेव्हा कंपनीने संगणकावरच वाजणारी एक फुकट नमुना-प्रतही दिली होती. यंत्र न घेता मॉड्युलर शिकण्याची ती तेव्हाची सर्वांत चांगली सोय होती.

रिअॅक्टरने मात्र तार असूनही लपवली. त्याच्या ग्रंथालयात लोकांनी बनवलेली हजारो वाद्यं जमत गेली, आणि रिअॅक्टर वापरणारे बहुसंख्य लोक त्या वाद्यांची दर्शनी बटणं फिरवत राहिले. पाठीमागची जोडणी उघडून बघणारे मूठभर. २०१५ च्या सहाव्या आवृत्तीत ब्लॉक्स आले, तेव्हा कुठे कंपनीला आठवलं की लोकांना डबे जोडायचे असतात. रीझन या सॉफ्टवेअरची गोष्ट उलटी. २००० साली ते आलं तेव्हा कीबोर्डवरचं टॅब बटण दाबलं की सगळं रॅक पाठ फिरवायचं आणि मागच्या तारा हलकेच डुलायच्या. त्या डुलणाऱ्या तारांनी एका पिढीला भुरळ घातली. पण डबे आधीच पूर्ण शिजलेले होते. तारा होत्या, त्यांना काम थोडं होतं.

दरम्यान यंत्रांचं जगही बदललं. म्युनिकजवळच्या डीटर डोप्फर यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यात छोट्या मापाची मॉड्यूल काढली आणि त्या मापाचं युरोरॅक झालं. जगभर लहान लहान कारागीर त्यात उतरले. आपल्याकडून बघताना हे सगळं काचेपलीकडचंच राहिलं. एकेक मॉड्यूल दहा-वीस हजारांचं, धड वाजायला निदान सहा-सात हवीत, वर पेटी, वीजपुरवठा, टपालखर्च आणि सीमाशुल्क. म्हणून २०१६ मध्ये स्वीडनच्याच सॉफ्टट्यूबने डोप्फर यांच्या परवानगीने त्यांची मॉड्यूल संगणकावर आणली, ही मोठी गोष्ट होती. तीही विकतच होती, आणि नवी मॉड्यूल घ्यायची तर पुन्हा पैसे.

सप्टेंबर २०१७ मध्ये अँड्र्यू बेल्ट यांनी व्हीसीव्ही रॅक खुलं केलं आणि या क्षेत्राचे दोन भाग पडले, त्याआधीचा आणि त्यानंतरचा. ते फुकट होतं, त्याचा कोड खुला होता, आणि पडद्यावर थेट युरोरॅकची पेटी होती. त्यात सगळ्या तारा एकाच जातीच्या. कोणत्याही भोकातून कोणत्याही भोकात. एका तारेतून जाताना एका नमुन्याचा, म्हणजे सेकंदाच्या सुमारे चव्वेचाळीस हजाराव्या भागाचा, उशीर होतो. त्या बारीकशा उशिरामुळेच उलटी जोडणीही तक्रारीविना चालते. एमिली जिये यांच्या म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्सची मॉड्यूलही लगेच त्यात आली, कारण जिये यांनी आपला सगळा कोड आधीपासूनच खुला ठेवला होता. यातली गंमत अशी की त्यांची पुष्कळशी यंत्रं मुळात एका छोट्या चिपवर चालणारे प्रोग्रामच होते. यंत्रात शिरलेलं सॉफ्टवेअर पुन्हा सॉफ्टवेअर झालं. जिये यांनी २०२२ मध्ये दुकान बंद केलं, पण रॅकमध्ये त्यांची मॉड्यूल आजही रोज वाजतात.

पुढची वर्षं भराभर गेली. २०१८ मध्ये चेरी ऑडिओचं व्होल्टेज मॉड्युलर आलं. २०१९ मध्ये रॅकची पहिली पूर्ण आवृत्ती आली आणि एका तारेतून सोळा आवाज नेता येऊ लागले. त्याच वर्षी बिटविग कंपनीने ग्रिड आणलं. ग्रिड देखणं आहे, पण त्यात काही जोडण्या न दिसता आपोआप होतात, आणि माझ्या मापाने नवशिक्याच्या बाबतीत तो तोटाच. नोव्हेंबर २०२१ मध्ये रॅकची दुसरी आवृत्ती आली. एकटं चालणारं रॅक फुकट राहिलं. दुसऱ्या संगीत-सॉफ्टवेअरच्या आत प्लगइन म्हणून चालणारं विकत झालं, १४९ डॉलरला. यावर कुरकुर झाली, आणि कोड खुला असल्यामुळे काही महिन्यांतच, २०२२ मध्ये, कार्डिनल उभं राहिलं. त्याच कोडवर बेतलेलं फुकट प्लगइन, खातं उघडायला नको, काही उतरवून घ्यायला नको, सगळी मॉड्यूल आतच. बेल्ट यांना या व्यवसायातून पोट भरायचं आहे हेही खरं, आणि कार्डिनलवाल्यांचा हक्कही खरा. दोघांच्या मध्ये फायदा झाला तो शिकणाऱ्याचा.

मग आज काय घ्यावं? मला विचाराल तर लॅपटॉप बरा असेल तर रॅक, आधीपासून कोणत्या तरी रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये काम करत असाल तर कार्डिनल. जुन्या, स्वतंत्र ग्राफिक्स नसलेल्या लॅपटॉपवर रॅक धापा टाकतं. तिथे व्होल्टेज मॉड्युलरची न्यूक्लियस ही फुकट प्रत करून बघावी. रिअॅक्टर, मॅक्स, ग्रिड यांच्यासाठी पैसे लगेच घालू नयेत. प्युअर डेटा उतरवून ठेवावं, त्याची वेळ येईल.

नाव ठरलं तरी खरी निवड त्यानंतरची. रॅकच्या ग्रंथालयात मॉड्यूल हजारांच्या घरात आहेत आणि त्यांतली बहुतेक फुकट. पूर्वी पैशाची टंचाई आपोआप लगाम घालायची, आता तो लगाम सुटला आहे. महागडं यंत्र घेणारे लोक सहा मॉड्यूलांवर वर्ष काढायचे आणि ती सहा त्यांना पाठ व्हायची. आता पहिल्याच संध्याकाळी चाळीस उतरवली जातात आणि त्यातलं एकही कळत नाही. रॅकसोबत येणारा ‘फंडामेंटल’ हा संच पुष्कळांना दरिद्री वाटतो. माझं मत नेमकं उलट आहे. त्यात ऑसिलेटर आहे, फिल्टर आहे, एन्व्हलप आहे, मंद कंपनाचा एलएफओ आहे, साधा सिक्वेन्सर आहे, आणि व्होल्टेज कसं हलतंय ते आरशासारखं दाखवणारा स्कोप आहे. पहिले काही महिने एवढंच वापरावं. स्कोप तर कायमचा उघडा ठेवावा.

आपल्या कानाला या संचात एक खास प्रयोग करता येतो, आणि मला तो कोणत्याही तयार धड्यापेक्षा जास्त आवडतो. इथे एक व्होल्ट म्हणजे एक सप्तक. व्होल्टेज एकने वाढलं की कंपनं दुप्पट. बारा समान भागांत वाटलेल्या पाश्चात्त्य पट्टीत शुद्ध गांधार ०.३३३ व्होल्टवर बसतो. तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा स्वयंभू गांधार ०.३२२ व्होल्टवर आहे. पंचमाला हा फरक जवळपास नसल्यासारखा, ०.५८३ आणि ०.५८५, गांधाराला मात्र तो स्पष्ट ऐकू येतो.

एका ऑसिलेटरची करवती लहर खालच्या षड्जावर ठेवा, साधारण १३१ कंपनांवर, आणि ती फिल्टरमधून न्या. फिल्टरचा रेझोनन्स चढवा आणि एलएफओने त्याला हळूहळू वर-खाली फिरवा. षड्जाच्या पोटातले स्वर एकेक करून पुढे येऊ लागतील. पाचवा येतो तो गांधार. आता दुसऱ्या ऑसिलेटरवर दोन सप्तकं वरचा गांधार साध्या साइन लहरीत लावा, आधी ०.३३३ वर. पाचवा स्वर पुढे आला की सेकंदाला पाचेक ठोके पडताना ऐकू येतात. या ऑसिलेटरला व्होल्टेज देणाऱ्या नॉबवर उजवी टिचकी मारून आकडा लिहिता येतो, पण तसं करू नये. नॉब हातानेच हळूहळू खाली आणावा. ठोके चार होतात, दोन होतात, मग एकेक लांबत जातो आणि स्कोपवर आकृती एका जागी ठरते. क्वांटायझर नावाचं मॉड्यूल मध्ये खोचलं की दुसरा ऑसिलेटर झटकन बाराच्या पट्टीवर परत उडी मारतो आणि ठोके पुन्हा सुरू होतात. ते काढून तार पुन्हा थेट जोडली की थांबतात.

हा पॅच दहा-बारा तारांत होतो, आणि कार्डिनलमध्ये किंवा व्होल्टेज मॉड्युलरमध्येही तो फारसा न बदलता बसतो.