पावसाळ्यानंतर गळणारें इंजिन : चालू करण्यापूर्वीं काय पाहावें

थंड देशांत सरोवरांवरील नौका हिवाळाभर कांठावर चढवून ठेवितात व त्यापूर्वीं त्यांच्या इंजिनांतील पाणी कटाक्षानें काढून टाकितात. कारण पाणी गोठलें म्हणजे सुमारें शेंकडा ९ नें फुगतें, आणि बिडाचें जाकीट तडकून वसंतांत नौकेचें इंजिन गळूं लागतें. आपल्या विहिरींवरील पंपाच्या इंजिनास गोठण्याचें हें भय नाहीं. परंतु मृगापासून दिवाळीपर्यंत तेंही निजून असतें. आंत राहिलेल्या पाण्यानें गंज चढतो, रबरी कड्या ताठरतात, पॅकिंग सुकतें, आणि कार्तिकांत हँडल मारतांच कोठून तरी गळती सुरू होते.

आज पुष्कळ विहिरींवर विजेच्या मोटारी आहेत. तथापि जेथें वीज पोहोंचलेली नाहीं किंवा तिचा भरंवसा नाहीं, तेथें रब्बीची भिस्त डिझेल इंजिनावरच असते. गव्हास पहिलें महत्त्वाचें पाणी पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनीं, मुकुटमुळें फुटतांना लागतें. त्या आठवड्यांत इंजिन अडलें, तर झालेली तूट पुढील पाण्यानें पुरी भरून निघत नाहीं. यास्तव इंजिनाची तपासणी पेरणीपूर्वींच उरकणें इष्ट होय.

गळतीचे दोन प्रकार आहेत. बाहेरची गळती डोळ्यांस दिसते. तिनें पाणी, तेल किंवा डिझेल वायां जातें, पण इंजिनाचा जीव सहसा जात नाहीं. आंतली गळती दिसत नाहीं आणि तीच घातक असते. म्हणून प्रथम आंतलीचा शोध घ्यावा.

आंतली गळती :— इंजिन बंद असतांनाच जाकिटांत पाणी भरून रात्रभर ठेवावें. सकाळीं चेंबरच्या तळाचें बूच अगदीं थोडें ढिलें करून खालीं स्वच्छ भांडें धरावें. पाणी तेलाहून जड असल्यामुळें, आंत शिरलें असल्यास तेंच प्रथम बाहेर येतें. तेल मोजण्याच्या पट्टीवर दुधासारखा पांढुरका फेस दिसला, तरी अर्थ तोच. लायनरच्या खालच्या रबरी कड्या गेल्या असाव्यात, किंवा हेडचें गॅस्केट फुटलें असावें. असें तेल बेअरिंगांचें रक्षण करीत नाहीं. अशा स्थितींत इंजिन घटकाभरही चालवूं नये.

पाणी सिलिंडरांत उतरलें असेल, तर धोका याहून मोठा. ५ अश्वशक्तीच्या व मिनिटास १५०० फेऱ्यांच्या नेहमींच्या इंजिनांत पिस्टन वर आला असतां त्याच्या डोक्यावर सुमारें ३५ घन सेंटिमीटर, म्हणजे चहाचे सात लहान चमचे एवढीच जागा उरते. हवा दबते, पाणी दबत नाहीं. याहून अधिक पाणी आंत असतां जोरानें हँडल मारल्यास कनेक्टिंग रॉड वांकतो. याकरितां डिझेल बंद ठेवून, दाब सोडण्याचा खटका उचलून, फ्लायव्हील हातानें सावकाश पुरे दोन फेरे फिरवावें. दोन फेऱ्यांत या जातीच्या इंजिनाचे चारही ठोके पुरे होतात. मध्येंच अडथळा लागल्यास जोर करूं नये. नोझल काढून, त्या छिद्रासमोर तोंड न आणतां, पुन्हां फिरवावें, म्हणजे सांचलेलें पाणी बाहेर पडेल.

हेड उतरविल्यास जुनें गॅस्केट पुन्हां बसवूं नये. नट एकदम न आवळतां समोरासमोरचे आळीपाळीनें, थोडथोडे आवळावे, व नंतर वाल्वची फट उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणें पुन्हां लावावी. लायनर बाहेर काढणें मात्र जाणत्या मिस्त्रीचेंच काम आहे.

पाण्याची बाहेरची गळती :— होजचे तडे बोटांनीं वांकवून पाहावे. पंपाच्या ग्लँडमधून पाणी ठिबकतें म्हणून तो करकचून आवळण्याची चाल चुकीची आहे. दोरीच्या पॅकिंगचा ग्लँड थोडा ठिबकलाच पाहिजे. त्या पाण्यानेंच शाफ्ट थंड राहतो. धार लागत असेल तरच पॅकिंग बदलावें.

डिझेलची गळती :— टांकीच्या तळाशीं सांचलेलें पाणी प्रथम काढून टाकावें. सांध्यांतील तांब्याचे वॉशर वापरून कठीण होतात. ते लाल होईतों तापवून थंड केल्यास पुन्हां मऊ होतात व नीट बसतात. मात्र चिरलेला किंवा वेडावांकडा वॉशर टाकून द्यावा. पंपापासून नोझलपर्यंतच्या नळींतील गळती इंजिन चालू असतां बोटानें कधींही चांचपूं नये. त्या दाबाची बारीक धार कातडीच्या आंत शिरते. जखम टांचणीएवढी दिसली तरी तत्काळ दवाखाना गांठावा. गळती जाड पुठ्ठा लांबून धरूनच पाहावी. चेंबरमधील तेलाची पातळी आपोआप वाढली व त्यास डिझेलचा वास आला, तर डिझेल आंत उतरत आहे असें समजावें. ती गळती बंद करून सर्व तेल बदलावें.

तेलाची गळती :— नवें ऑइल सील घालूनही तेल येत राहिल्यास चेंबरच्या श्वासनळीकडे पाहावें. तिच्यांत धूळ किंवा कुंभारमाशीचें घर बसलें असेल, तर आंतील दाब तेलास बाहेर लोटतो. असें असतां रॉकेलनें नळी धुतली म्हणजे पुरतें, नव्या सुट्या भागाची गरज पडत नाहीं.

दुरुस्तीनंतर इंजिन प्रथम बोजाविना थोडा वेळ चालवावें आणि खोलीचीं दारें सताड उघडीं ठेवावीं. कारण धुरांतील विषारी वायूस वास नसतो. थांबविल्यावर तेलाची पट्टी पुन्हां पाहावी.

हा त्रास पुढील वर्षीं टळावा अशी इच्छा असल्यास काम ज्येष्ठांतच करावें. जाकीट व पंप यांतील पाणी पूर्ण काढावें, जुनें तेल बदलून ताजें घालावें, दमट हवेचें पाणी आंत सांचूं नये म्हणून टांकी डिझेलनें भरून ठेवावी, आणि धुराड्याचें तोंड झांकावें. पंधरवड्यांतून एकदां, डिझेल बंदच ठेवून, फ्लायव्हील हातानें दोन फेरे फिरवावें. एवढ्यानें बहुतेक गळत्यांचें मूळच तुटतें, आणि पिकास पाणी हवें त्या दिवशीं इंजिन तयार असतें.