अकरा महिन्यांचं घर, वीस वर्षांचा हप्ता

रहाटणीत भाड्याने राहणाऱ्याचं वर्ष अकरा महिन्यांचं असतं. करार संपत आला की मालकाचा फोन येतो, "मग, वाढवायचं ना?" नाही म्हटलं तर पुन्हा टेम्पो, पुन्हा डिपॉझिट, पोरांची व्हॅन नव्याने ठरवा. (जाता जाता: करार अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात 1999 च्या भाडे कायद्यानुसार त्याची नोंदणी लागतेच, आणि ती जबाबदारी मालकाची.)

स्वतःच्या घराचा खरा फायदा इथे आहे, कुणी "निघा" म्हणत नाही. दुसरा फायदा हिशोबाचा. समजा, 50 लाखांचा फ्लॅट आणि 40 लाखांचं कर्ज, साडेआठ टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी. हप्ता साधारण 34,700. आज भाडं 20 हजार असेल, तर हप्ता जडच वाटणार. पण भाडं दरवर्षी पाच टक्के वाढलं तर बाराव्या वाढीनंतर ते 35,900 च्या वर जातं. हप्ता मात्र, व्याजदर तोच राहिला तर, तिथेच. आणि विसाव्या वर्षी तो संपतो. भाडं संपत नाही.

आता दुसरी बाजू, कारण ती कुणी सांगत नाही. पहिल्या हप्त्यातले 28,300 रुपये निव्वळ व्याज असतं. म्हणजे दोन-तीन वर्षांत नोकरी बदलून चाकणहून बेंगळुरूला जायचा विचार असेल, तर भाड्यानेच राहा. शिवाय कर्जाबाहेरचे 10 लाख आणि मुद्रांक शुल्क-नोंदणी हातात हवी. आपल्या पालिका हद्दीत पुरुषाच्या नावावर शुल्क 7 टक्के, फक्त बाईच्या नावावर 6. पन्नास लाखांवर सरळ 50 हजार वाचतात. घरात बोलून बघा.

आणि मंडळी, आपल्या भागात सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कागद. अर्धा-एक गुंठ्यावर उभी राहिलेली इमारत, फ्लॅट स्वस्त, एजंट म्हणतो, "शास्तीकर माफ झाला, आता काही टेन्शन नाही." अहो, 2023 मध्ये माफ झाला तो कर. त्याने बांधकाम अधिकृत होत नाही. अशा घराला मोठी बँक सहसा कर्ज देत नाही, आणि उद्या विकताना तुमच्या गिऱ्हाइकालाही मिळणार नाही. भोगवटा प्रमाणपत्र मागा. बांधकाम चालू असेल तर महारेराच्या साइटवर प्रकल्पाचा नंबर टाकून बघा. पवनेजवळचं घर असेल तर पूररेषेचा नकाशाही बघा. निळ्या रेषेच्या आत असेल, तर टोकन देऊ नका.

दिलं असेल तर कागद घेऊन आधी वकील गाठा, मग बँक.