व्यापारी वाऱ्यांच्या बेटांवर

व्यापाऱ्याच्या घरात सुट्टी कधीच सोयीने येत नाही. हंगाम असेल तेव्हा दुकान सोडवत नाही आणि हंगाम नसेल तेव्हा खर्च करवत नाही. उत्तर जर्मनीतील एका लहान गावात लोकरीचे दुकान चालविणाऱ्या एका दांपत्याची गोष्ट याहून निराळी नव्हती. दुकान पत्नीच्या आजोबांनी काढलेले, वडिलांनी वाढविलेले आणि विवाहानंतर या दोघांनी पस्तीस वर्षे सांभाळलेले. लोकरीचा धंदा म्हणजे थंडीचा धंदा. वर्षाचा सारा हिशेब हिवाळ्याच्या चार महिन्यांवर उभा राही. त्यामुळे इतक्या वर्षांत हिवाळ्यात दोघांनी मिळून प्रवासाला निघावे असा योग कधी आला नव्हता.

तो आला तेव्हा दुकान बंद झाले होते. एकुलती मुलगी दूरच्या शहरात डॉक्टर झाली होती आणि ती गल्ल्यावर बसणार नाही हे सर्वांनी मान्य केले होते. शेजारच्या एका व्यावसायिकाने जागा विकत घेण्याची तयारी पत्राने कळविली होती व जानेवारीअखेर उत्तर मागितले होते. यजमानांच्या मते विकण्यात शहाणपण होते. पत्नीचे मन मात्र तयार होईना, आणि का होत नाही हे तिला शब्दांत सांगता येईना. बावीस वर्षे दुकानात काम केलेल्या सहायिकेला तोवर पगार देत राहायचे, एवढ्यावर दोघांचे एकमत होते. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दोन सायकली खोक्यांत भरून, चार पिशव्या आणि ते पत्र घेऊन दोघे कॅनरी बेटांकडे निघाले.

कॅनरी बेटे राजकीयदृष्ट्या स्पेनची. पण नकाशात ती आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्याजवळ, अटलांटिक महासागरात आहेत. पूर्वेकडील फ्युर्तेव्हेंचुरा बेटापासून आफ्रिकेचा किनारा सुमारे शंभर किलोमीटरवर येतो. सारा द्वीपसमूह समुद्रतळातून वर आलेल्या ज्वालामुखींनी घडविला आहे. युरोपात बर्फ पडत असते तेव्हा येथे दिवसा वीस अंशांच्या आसपास ऊब असते. ईशान्येकडून वाहणाऱ्या ज्या वाऱ्यांना आपण भूगोलात ‘व्यापारी वारे’ म्हणून शिकलो, ते या बेटांवरूनच जातात. शिडाच्या जहाजांच्या काळात अमेरिकेकडे निघालेला दर्यावर्दी येथे पाणी व शिधा भरून घेई. १४९२ साली कोलंबसाने अटलांटिक ओलांडण्यासाठी शिडे उभारली ती याच समूहातील ला गोमेरा बेटावरून.

या वाऱ्यांची ओळख दांपत्याला पहिल्याच दिवशी लान्झारोटे बेटावर झाली. यजमानांनी प्रत्येक दिवसाचे किलोमीटर आणि प्रत्येक फेरीबोटीची वेळ वहीत लिहून आणली होती. वाऱ्याने ती वही वाचलेली नव्हती. सपाट रस्त्यावरही चढावासारखे पाय मारावे लागत. पुढच्याचा शब्द मागच्यापर्यंत पोहोचत नसे. पस्तीस वर्षे एका गल्ल्यामागे बसून बोललेली ही दोन माणसे दिवसभर एकमेकांच्या पाठीमागे मुकाट चालत राहिली, आणि जे बोलायचे होते ते पिशवीतल्या पत्रासारखे तसेच राहिले.

बेटाच्या ईशान्येस ग्वातिसा गावाभोवती फड्या निवडुंगाची शेते पाहून दोघे थांबले. निवडुंगाचे कुंपण त्यांनी पाहिले होते. ओळीने लावलेले पीक पाहिले नव्हते. त्या जाड पानांवर पांढरी बुरशी धरल्यासारखे ठिपके होते. ती बुरशी नव्हती. ते कोचिनील नावाचे कीटक होते. मेक्सिकोतून आणलेल्या या कीटकांची पैदास एकोणिसाव्या शतकात कॅनरी बेटांचा प्रमुख धंदा झाली होती. चमच्यासारख्या साधनाने कीटक खरवडून काढायचे, वाळवायचे आणि दळायचे. त्यातून किरमिजी लाल रंग मिळतो. एक किलो वाळलेल्या मालासाठी लाखाहून अधिक कीटक लागतात. पुढे डांबरापासून कृत्रिम रंग तयार होऊ लागले आणि हा धंदा काही वर्षांत कोसळला. मात्र तो पूर्णपणे संपला नाही. आजही मिठाया, पेये व सौंदर्यप्रसाधने यांच्या वेष्टनावर ‘कार्माइन’, ‘कोचिनील’ किंवा ‘ई १२०’ असे लिहिलेले असते, तेव्हा तो हाच रंग असतो.

पत्नी बराच वेळ त्या पानांकडे पाहत उभी राहिली. ‘नैसर्गिक लाल’ अशी चिठ्ठी लावलेल्या लोकरीच्या लडी तिच्या दुकानात सर्वांत वरच्या फळीवर असत आणि सर्वांत महाग विकल्या जात. वजनाने माल विकण्याची सवय असलेल्या तिने त्या दिवशी प्रथमच तो माल संख्येने मोजला. रंग कोणता, पक्का आहे की नाही, पुन्हा मिळेल का, हे सारे तिने पुरवठादाराला विचारले होते. तो येतो कशापासून, हे पस्तीस वर्षांत एकदाही विचारले नव्हते.

पुढच्या दिवशी रस्ता बेटाच्या नैऋत्येकडे वळला. तेथे जमीन नुकतीच थिजल्यासारखी काळी, फुटलेली आणि उघडी आहे. १ सप्टेंबर १७३० च्या रात्री येथील भूमी दुभंगली आणि हा उद्रेक १७३६ पर्यंत चालू राहिला. बेटाचा सुमारे चौथा भाग लाव्ह्याखाली गेला. गावे गडप झाली आणि सुपीक शेते राखेखाली झाकली गेली. याइसा गावच्या धर्मगुरूने लिहून ठेवलेल्या वृत्तांतामुळे त्या भयाची हकिगत आज आपल्याला कळते. पुष्कळ लोक बेट सोडून गेले.

जे राहिले किंवा परत आले त्यांनी काय केले, हे ला हेरिया नावाच्या खोऱ्यात दिसते. काळ्या खडीच्या उतारांवर हजारो गोल खड्डे आहेत. जुन्या मातीपर्यंत पोहोचण्यासाठी शेतकऱ्यांनी राखेचा थर खणून काढला. काही ठिकाणी हे खड्डे दोन-तीन मीटर खोल आहेत. प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी द्राक्षाची एक वेल लावली आणि वाऱ्याच्या बाजूस चुन्याशिवाय दगड रचून अर्धवर्तुळाकार बांध घातला. कोठे अंजीरही लावले. या बेटावर वर्षाकाठी जेमतेम दीडशे मिलिमीटर पाऊस पडतो. पण ती सच्छिद्र काळी खडी रात्रीचे दव शोषून घेते आणि दिवसा मातीतील ओल उडू देत नाही. जिने शेत बुडविले तीच आता शेत राखते, हे लोकांच्या ध्यानात आले. मग जेथे राख पडली नव्हती तेथील शेतकऱ्यांनीही ती मुद्दाम वाहून आणून आपल्या शेतांवर पसरली.

महाराष्ट्रातील वाचकाला हा काळा दगड परका वाटू नये. आपले दख्खनचे पठारही लाव्ह्याच्या थरांनीच बनलेले आहे. वेरूळची जैन लेणी ज्या पाषाणात कोरली तो याच कुळातला. आपल्या पायाखालचा अग्नी कोट्यवधी वर्षांपूर्वी शांत झाला आणि त्याची काळी माती झाली. लान्झारोटेवर तो अजून फार खोल गेलेला नाही. तिमानफाया राष्ट्रीय उद्यानात जमिनीत ओतलेले पाणी क्षणात वाफ होऊन उसळते आणि खड्ड्यात टाकलेले वाळके काटेरी झुडूप आपोआप पेटते.

बेटाच्या दक्षिण टोकाच्या प्लाया ब्लांका बंदरातून फ्युर्तेव्हेंचुराला जाणारी फेरीबोट अर्ध्या-पाऊण तासात पलीकडे पोहोचते. मोटारी ज्या दाराने आत जातात त्याच दाराने सायकली न्यायच्या, दोरीने बांधायच्या आणि वर जाऊन बसायचे. बोटीत पाय मारावे लागत नाहीत आणि पुढे-मागेही राहता येत नाही. दोघे कठड्याशी शेजारी बसले. तेव्हा पत्नी म्हणाली, “मला त्या भिंती नको आहेत. भिंतींचे दुःख मला वाटतच नाही.” मग कशाचे वाटते, हे विचारेपर्यंत बोट धक्क्याला लागली.

उत्तर मिळाले ते वादळाने अडविल्यावर. फ्युर्तेव्हेंचुरा हे बेट उघडे, पिवळसर आणि वाऱ्याचे. दुसऱ्या दिवशी सहाराची धूळ घेऊन येणारा पूर्वेचा वारा सुटला. तेथील लोक त्याला ‘कालिमा’ म्हणतात. आकाश मळकट झाले, समोरचा डोंगर दिसेना आणि सायकल चालविणे अशक्य झाले. वहीतली फेरीबोट चुकणार हे उघड होते. यजमान एक दिवस अस्वस्थ राहिले. मुक्कामाच्या घरी न्याहारीला गोफिओ मिळाला. गोफिओ म्हणजे मका, गहू किंवा जव भाजून दळलेले पीठ. आपल्याकडील सातूच्या पिठाचा जणू दूरचा भाऊ. बेटांवरील मूळ रहिवाशांपासून चालत आलेले हे अन्न दुधात कालवून खातात. दुष्काळात याच पिठाने बेटांना जगविले.

त्या बंद खोलीत पत्नीने मनातले सांगितले. जागा गेली तर सहायिका कोठे जाणार? पंचावन्नाव्या वर्षी तिला दुसरे काम कोण देणार? कोणत्या आजीबाईंना कोणती लोकर टोचते, कोणत्या गिरणीचा माल धुतल्यावर आटतो, हे सारे त्या बाईंच्या डोक्यात आहे. जागेचा भाव पत्रात लिहिला आहे. याचा भाव कोणी केलेला नाही. यजमानांनी वही मिटली. त्यांनी हिशेब केला होता तो मालाचा आणि भिंतींचा. बावीस वर्षे सोबत राहिलेल्या माणसाचा रकाना त्यात नव्हता. ते त्यांनी कबूल केले.

पुढे ग्रान कनारिया व तेनेरिफे ओलांडून, ३,७१५ मीटर उंचीचे तेइदे शिखर मागे टाकीत, दोघे ला पाल्मा बेटावर पोहोचले. हे बेट हिरवे, उभ्या चढांचे आणि केळीच्या बागांचे. येथील जखम ताजी आहे. १९ सप्टेंबर २०२१ रोजी सुरू झालेला उद्रेक ८५ दिवस चालला. सुमारे सात हजार लोकांना घर सोडावे लागले आणि बाराशे हेक्टरांहून अधिक जमीन लाव्ह्याखाली गेली. तोदोके गावाचे देऊळघर कोसळताना साऱ्या जगाने पाहिले. नंतर त्याच लाव्ह्यावरून नवा रस्ता काढण्यात आला. त्या रस्त्यावरून सायकल चालविताना दोन्ही बाजूंना काळे ढीग आणि त्यांच्या कडेला अर्धे वाचलेले एखादे घर दिसते. लान्झारोटेवरील वेली तीनशे वर्षांच्या धीराची साक्ष देतात. येथे तो धीर नुकता कोठे सुरू झाला आहे. आपत्तीचे सोने होते असे म्हणणे सोपे, पण ज्यांचे घर खाली आहे त्यांना ते ऐकवू नये, एवढे दोघांनाही कळले.

या बेटांचा व्यापारी इतिहासही असाच थरांचा आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून येथे ऊस आला आणि साखर युरोपात गेली. अमेरिकेकडील स्वस्त साखरेपुढे ती टिकली नाही. मग द्राक्षांचा काळ आला, मग निवडुंगावरील कीटकांचा, मग केळ्यांचा आणि आता प्रवाशांचा. प्रत्येक वेळी जुने गिऱ्हाईक गेले, लोक देशोधडीला लागले, आणि उरलेल्यांनी हाताशी असलेल्यातून पुन्हा सुरुवात केली.

परतीच्या फेरीबोटीत सुमारे तीन तासांचा निवांतपणा होता. पत्र पिशवीतून बाहेर आले. ठरले ते असे : जागा विकायची. मात्र शिल्लक माल, पुरवठादारांची नावे आणि गिऱ्हाइकांची वही सहायिकेच्या स्वाधीन करायची. मालाचे पैसे तिने तीन हंगामांत, विक्रीतून जमेल तसे द्यायचे. बाजारामागच्या गल्लीत तिला परवडेल अशी लहान खोली शोधायची आणि पहिल्या वर्षाचे भाडे जागेच्या रकमेतून भरायचे. यजमानांनी आकडे मांडले. पत्नीने प्रथमच ते न अडविता ऐकले. तिची एक अट होती : हे सारे देणगी म्हणून नव्हे, तर व्यवहार म्हणून, कागदावर लिहून करायचे, कारण उपकाराखाली धंदा वाढत नाही.

घरी परतल्यावर दोघांनी मालाची यादी केली. सर्वांत वरच्या फळीवर ‘नैसर्गिक लाल’ लडी होत्या. पत्नीने त्यांची जुनी चिठ्ठी काढली. नव्या चिठ्ठीवर, मोठ्या अक्षरांत, तो रंग कशापासून होतो हे लिहिले. तसे लिहिल्यास हा माल खपणार नाही, असे सहायिका म्हणाली. नाही खपला तर त्याची किंमत आमच्या हिशेबातून वजा कर, असे सांगून पत्नीने दुसरी फळी मोजायला घेतली.